कॅन्डिडेटचं पांढरं पागोटं

आता तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगतो, पण एक अट आहे. चहाचा घोट तोंडात असताना हसायचं नाही! मागच्या खेपेला हे ऐकताना आमच्या व्याह्यांना ठसका लागला, आणि त्यांच्या पाठीत बुक्के मारायची पाळी माझ्यावर आली. व्याह्यांना बुक्के मारणं बरं दिसतं का?

तर ऐका. मी माझ्या जिवंत आजोबांना मारलं.

अहो, तसे दचकू नका! हात लावला नाही. लॅटिननं मारलं.

तेव्हा मी धुळ्याहून नुकता मॅट्रिक होऊन तापीकाठच्या आमच्या गावी परतलो होतो. माझे वडील मी लहान असतानाच गेले. धाकट्या आत्मारामकाकांनी, म्हणजे आबांनी, मला वाढवलं, धुळ्याला बोर्डिंगात ठेवलं, शिकवलं. इंग्रजीत पहिला आलो म्हणून शाळेनं मला बक्षीस दिलं एक जाडजूड डिक्शनरी. साधीसुधी नव्हे हं! प्रत्येक शब्दाचं मूळ, कूळ, आजा, पणजा, सगळं त्यात दिलेलं. देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण माकडाच्या हाती कोलीत दिलं त्यानं.

मी घरादाराला शब्दांची खानदानं ऐकवत सुटलो. संध्याकाळी काकू कंदिलाची काच पुसायला बसली की मी विचारायचो, "काकू, हा कंदील मूळचा कुठला, सांग बरं?"

"मन्हा माहेरना शे," काकू म्हणायची.

"तसं नाही गं! लॅटिनमध्ये 'कॅन्डेला' म्हणजे मेणबत्ती. ती ग्रीकांकडे गेली, तिथून अरबांकडे, आणि तिथून आपल्याकडे येऊन झाली कंदील. इंग्रजांची कॅन्डल ही तिची सख्खी लेक. राजवाड्यात छताला टांगतात ते शँडेलियर, तो फ्रेंचांच्या घरी वाढलेला नातू. 'कॅन्डिड' म्हणजे मनानं पांढरा, निर्मळ. तोही त्यातलाच. अगं, आपला आकाशातला चंद्रसुद्धा यांचा लांबचा चुलतभाऊ! सगळ्यांचं मूळ एकच, उजळणं, पांढरं असणं."

काकूनं शांतपणे वात वर केली. "इतला सोयरा शेतस," ती म्हणाली, "पन तेल भराले एक बी येत नही."

तिथेच मी गप्प बसलो असतो तर आज हा किस्सा नसता.

त्या उन्हाळ्यात तालुका लोकल बोर्डाची निवडणूक आली आणि आसपासच्या चार गावांनी आबांना उभं केलं. समोर नंदुरबारचे एक वकीलसाहेब. आबांना मानमरातब नको होता. त्यांना हवी होती एक सडक! पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत गाड्या आखापर्यंत रुतायच्या. आदल्याच वर्षी एका बाळंतिणीला स्टेशनापर्यंत नेता नेता वाटेतच गमावलं होतं. आबा फारसं बोलणारे नव्हेत, पण त्या दिवशी गाडीला खांदा लावणाऱ्यांत ते होते. तेव्हापासून सडक त्यांच्या डोक्यात बसली होती.

त्यांना भीती एकच, वकिलाच्या इंग्रजीची. आणि त्यावर उतारा कोण? अर्थात मी!

उमेदवारीचा कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. वर छापलेलं होतं, 'कॅन्डिडेट'. मी तो शब्द वाचला आणि जागच्या जागी उडालो.

"आबा! अहो, हा तर आपल्या कंदिलाचा भाऊ!"

आबांनी कागद उलटा करून पाहिला.

मग मी त्यांना रोम सांगितलं. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे जो कोणी निवडणुकीला उभा राहायचा तो अंगरख्याला खडू चोळून पांढराफेक व्हायचा आणि बाजारात लोकांना भेटत फिरायचा. पांढरा, म्हणून कॅन्डिडेट. डागाविना माणूस! "वकिलाला हे माहीत असेल, आबा. त्याच्यापुढे आपण गावंढळ दिसता कामा नये. तुमचं हे लाल पागोटं चालायचं नाही. पांढरं पाहिजे."

आबांचा हात डोक्यावर गेला.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. आमच्यात पागोटं लाल, नाहीतर गुलाबी. पांढरं पागोटं माणूस बांधतो ते घरात गमी झाली की. विशेषतः बाप गेला की. मग दिवस झाले की सोयरे रंगीत पागोटं आणून दुखवटा काढतात. हे मला ठाऊक नव्हतं असं सांगून सुटता आलं असतं. पण ठाऊक होतं हो! चांगलं ठाऊक होतं. धुळ्यात खादीच्या पांढऱ्या टोप्या घालून लोक दिवसभर हिंडत, त्यांच्याकडे बघून कोणी रडत नसे. मला वाटलं, जुन्या समजुती आहेत, रोमपुढे कुठे टिकणार?

"पोऱ्या," आबा हळूच म्हणाले, "मन्हा बाप जिवत शे."

"आबा, रोमन लोकांचे बाप काय सगळे मेले होते?"

ज्या पोराला आपण पोटाला चिमटा काढून शिकवलं, त्याचं ऐकायचं नाही तर मग शिकवलं कशाला, असं त्या भल्या माणसाला वाटलं असणार. शेवटी तडजोड निघाली. घरून लाल पागोट्यातच निघायचं, म्हणजे आजोबांना दिसायला नको. शिवेवरच्या विहिरीपाशी बैलांची दमणी थांबवायची आणि तिथे पांढरं बांधायचं. येताना पुन्हा लाल.

म्हणजे गंमत बघा. सगळ्या तालुक्याला पांढरं दिसणार होतं, फक्त आमच्या गावाला नाही!

मी एवढ्यावर थांबलो का? छे! खडूची वस्त्रगाळ पूड केली आणि पागोट्याला चोळून चोळून लावली. रोममध्ये लावत ना! ती पूड आबांच्या भुवयांवर, खांद्यांवर, मिशीवर बसली. मी लांबून पाहिलं आणि म्हटलं, "वा! आता दिसता कॅन्डिडेट."

पहिलं गाव कोरीट. तिथले दामूकाका म्हणजे आबांचे जुने दोस्त, आणि गावात त्यांचा शब्द चालायचा. आमची बैलांची दमणी शिरली तशी रस्त्यातल्या बायकांनी पदर पुढे ओढले. लोक ओट्यांवरून उठून उभे राहिले. दामूकाकांनी बिडी विझवली, खाली उतरले, आबांना मिठी मारली आणि हाताला धरून घोंगडीवर बसवलं. ना राम राम, ना 'या बसा'.

मी मनात म्हटलं, काय हा दरारा! काय हे रोम!

आबा मान खाली घालून बसले होते. पांढऱ्या पागोट्याची लाज वाटत होती त्यांना. आणि मीच बजावून ठेवलं होतं, की कॅन्डिडेटनं स्वतः मत मागायचं नाही, बोलायचं ते मी.

"दामूकाका," मी सुरुवात केली, "आम्ही कशासाठी आलो ते तुमच्या ध्यानात आलंच असेल."

"देखताच ध्यानमा उनं, भाऊ."

"मग गावानं पाठीशी उभं राहावं..."

"हाई सांगानी गरज शे का? आखं गाव येई."

आखं गाव! मला तर आनंदानं गहिवरून आलं. माझे डोळे भरलेले बघून दामूकाकांनी माझ्याही पाठीवरून हात फिरवला. मी आणखी पुढे गेलो. "वकिलाकडे तर कोणी जाणार नाही ना?"

दामूकाका चमकले. "अशा वखतले वकीलनं काय काम? वाटनीनं मंग देखसूत."

वाटणी? कसली वाटणी? मी म्हटलं, बोर्डाच्या पैशांची असेल. मोठी माणसं लांबचं बघतात.

एवढ्यात उन्हानं आबांना घाम फुटला. कपाळावरून निघालेला घाम खडूतून वाट काढत दोन्ही गालांवर उतरला. दामूकाकांनी आपल्या उपरण्यानं त्यांचं तोंड पुसलं. "रडू नको, आत्माराम."

"मी रडी नही ऱ्हायनू," आबा म्हणाले. "गरम व्हई ऱ्हायनं."

"व्हस, व्हस," दामूकाका म्हणाले. "असंच व्हस."

निघताना कोणी 'पुन्हा या' म्हटलं नाही. दमणी गावाबाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "शिरपत, कोनी राम राम करा नही रे. गूळ बी दिधा नही."

"निवडणुकीत गूळ दिला तर ती लाच ठरते, आबा."

माझ्यापाशी प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. मूर्खाचं ते एक लक्षणच आहे.

पुढच्या दोन गावांतही तेच. तिसऱ्या गावात बायका दारात उभ्या राहून डोळ्यांना पदर लावत होत्या, आणि मी, हा मी, दमणीतून हात जोडून त्यांना म्हणत होतो, "तुमचे आशीर्वाद असू द्या!"

संध्याकाळी विहिरीपाशी लाल पागोटं पुन्हा डोक्यावर चढलं. त्या रात्री मी झकास झोपलो. डोळ्यांपुढे सडक दिसत होती, दोन्ही बाजूंना झाडं लावलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा शेतात गेले होते. आजोबा नेहमीसारखे ओट्यावर अंबाडीची दोरी वळत बसले होते. ऐंशीच्या घरात आलेले, कानानं जरा कमी, पण दातांनी अजून हरभरे फोडायचे. गाव त्यांना 'धल्ला' म्हणे, म्हणजे म्हातारा. मी आत भाषण लिहीत होतो. बाहेर गाड्या वाजल्या म्हणून खिडकीतून पाहिलं, तर कोरीटचं आखं गाव!

आता समाचाराला येणारी माणसं कशी येतात ते तुम्हाला माहीत आहे. माना खाली, नजर जमिनीवर. कोणी कोणाकडे बघत नाही, कोणी बोलत नाही. येऊन अंगणात बसतात. तशीच ही सगळी बसली. आजोबांनी पाहिलं, अंगणात कोणाचा तरी दुखवटा चालू आहे. रीतीला चुकणारा माणूस नव्हे तो. दोरी बाजूला ठेवली, काठी टेकत खाली उतरले आणि त्यांच्यातच जाऊन मान खाली घालून बसले. दोन उसासेही टाकले.

थोड्या वेळानं त्यांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं. "कोन मरनं रे?"

शेजारच्यानं मान वर न करता सांगितलं, "आत्मारामना बाप."

"अरे रे रे!" आजोबा हळहळले. "भला मानूस व्हता." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "कोनता आत्माराम?"

"हाऊच. आठला. ज्याना दारशी बठेल शेतस तो."

आजोबांनी घराकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. स्वतःच्या पोटावरून एकदा हात फिरवला.

"मंग मी कोन शे?"

अंगणातली एकेक मान वर आली. दामूकाका उभे राहिले, खाली बसले, पुन्हा उभे राहिले. मागे बसलेला एकजण उठून गाड्यांकडे पळाला. आणि खिडकीत मी! पायांखालची जमीन सरकते म्हणतात ना, तसं काही झालं नाही. सरकली असती तर बरं झालं असतं, लपायला जागा तरी मिळाली असती.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. हसा. पुढचं सांगताना मात्र मला अजून खाली बघावंसं वाटतं.

आबांची थोरली बहीण सखूफुई लोणखेड्याला दिलेली होती. माझी आत्या. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. पांढऱ्या पागोट्याची बातमी तापी ओलांडून रात्रीच तिच्यापर्यंत पोचली होती. बाप गेला, दिवसही सुरू झाले, आणि पोटच्या लेकीला कोणी सांगितलंसुद्धा नाही! ती पहाटेच निघाली. नदीच्या उतारावर बैल अडले, तर गाडी तिथेच सोडून पाण्यातून चालत आली. अनवाणी. घोट्यापर्यंत चिखल, केस सुटलेले.

आणि नेमके त्याच वेळी समोरून आबा शेतातून परत येत होते, डोक्यावर लालभडक पागोटं.

"बाप मरना, अन तू लाल पागोटं बांधीसन फिरी ऱ्हायना!" तिनं आबांच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या. "माले सांगं नही रे! मन्हा बापनं तोंड बी दखाडं नही!"

आबांना काही कळेना. ते नुसते "अक्का, अक्का" करत राहिले. ती रडत होती, मारत होती. अंगणात एवढी माणसं, पण तिला अडवायला कोणी पुढे झालं नाही.

"सखू," ओट्याकडून आवाज आला.

ती वळली. आजोबा काठीला धरून उभे होते. फुई जवळ गेली. तिनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, कान चाचपले, हात हातात घेऊन बोटं मोजल्यासारखी दाबून पाहिली. मग ती मटकन खाली बसली आणि मघापेक्षाही मोठ्यानं रडायला लागली. मी भिंतीकडे तोंड केलं. मला तिच्याकडे बघवेना. एका शब्दाच्या फुशारकीपायी मी त्या बाईला तिच्या बापाच्या मरणाचं दुःख फुकट भोगायला लावलं होतं.

"पांढरं पागोटं कोनी बांधं?" आजोबांनी विचारलं.

"मीच बांधं," आबा म्हणाले.

बस, तेवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सगळ्या कोरीटसमोर शिव्या खायला तो माणूस एकटा उभा राहिला. आता एवढ्यावर तरी मी आत बसून राहावं? नाही राहवलं. बाहेर आलो आणि सगळं सांगितलं. कॅन्डल सांगितली, कंदील सांगितला, शँडेलियर, चंद्र, रोम, खडू. बोलता बोलता मला कळत होतं, की मी समाचाराला आलेल्या लोकांना लॅटिन शिकवतो आहे. पण थांबता येईना.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शिरपत्या, येडाले इंग्रजीमा काय म्हनतस?"

"फूल म्हणतात."

"त्याना बी गोत देखी ठेव. तुन्हं नाव तठेच सापडी."

लोक गेल्यावर मी चोरून पाहिलं. खोटं कशाला बोलू? फूल शब्दाचं मूळही लॅटिनच निघालं. अर्थ, भाता. लोहाराचा भाता! आत नुसती हवा.

निवडणूक? आबा पडले. सपशेल पडले! आणि कसे पडले ते ऐका. कोरीटच्या लोकांना खरं कळलं होतं, त्यांनी मतं दिली. बाकीच्या गावांत आमचा खुलासा पोचलाच नाही, किंवा पोचला तरी कोणाला पटला नाही. ते लोक आपसांत म्हणाले, बिचाऱ्याचा बाप नुकताच गेला, त्यात त्याला बोर्डाच्या मीटिंगा कशाला? दयेपोटी वकिलाला मतं दिली हो! सडक काही झाली नाही. पुढच्या पावसाळ्यात गाड्या रुतल्या तेव्हा मी सगळ्यांच्या आधी चिखलात उतरून खांदा लावायचो. आबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, अजून वाटतं.

जिवंत माणसाच्या मरणाची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. आजोबांचं वाढलं. चांगली काही वर्षं वाढलं. मग एका हिवाळ्यात ते खरंच गेले, झोपेतच, कोणाला त्रास न देता. घरात सगळ्यांची रडारड. आबांना तर उठवेना. मी नातू, माझे वडील नाहीत, म्हणून मीच पांढरं पागोटं बांधलं आणि सोयऱ्याधायऱ्यांना सांगायला निघालो. पहिलं गाव कोरीट.

मला शिवेत बघूनच पोरं फिदीफिदी हसत मागे लागली. बायका दारात येऊन तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. दामूकाका आता म्हातारे झाले होते. ओट्यावरून त्यांनी मोठ्यानं राम राम घातला आणि आत चहा टाकायला सांगितला.

"ये, शिरपत! आते कोन उभा शे?"

"काका," मी म्हटलं, आणि उपरण्यानं डोळे पुसले. "काका, आजोबा गेले. खरंच गेले."

"वा!" दामूकाका म्हणाले. "यानखेपे रडाले बी शिकी उना."

मी शपथ घातली. आईची घातली, देवाची घातली. पागोट्याला खडू लावलेला नाही हे झटकून दाखवलं. ओट्यावरची माणसं पोट धरून हसत होती, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी खळेना.

शेवटी दामूकाकांनी माझ्या हातात चहाची बशी दिली आणि समजुतीनं म्हणाले, "देख भाऊ, तुन्हावर भरोसा नही. तू असं कर. घर जाय, अन धल्लाले धाड. त्यानी सोता येईसन सांगं, मंगच आम्ही मानसूत."